आठ घरं, आठ पदार्थ: फराळाच्या अदलाबदलीचं गणित

चौघांच्या घराला पंचवीस-तीस चकल्या दिवाळीभर पुरतात. पण तेवढ्यासाठीही भाजणी दळून आणायची, माळ्यावरून सोऱ्या काढायचा, कढईत लिटरभर तेल ओतायचं आणि शेवटी ओट्यामागच्या फरशा घासायच्या, यातलं काहीच चुकत नाही. दुसऱ्या दिवशी हीच उस्तवार शेवेसाठी, तिसऱ्या दिवशी शंकरपाळ्यांसाठी. नोकरी सांभाळून हे सगळं वसुबारसेच्या आत उरकायचं म्हणजे रात्री अकरा वाजता बेसन परतत उभं राहायचं. मी कित्येक वर्षं तसं केलं. मग एकदा लक्षात आलं की पंचवीस चकल्यांचा पसारा आणि सव्वाशे चकल्यांचा पसारा एकच असतो. फरक पडतो तो एका दुपारचा.

अदलाबदलीची कल्पना माझी नाही. माझी भाची अमेरिकेत असते. तिकडे नाताळाआधी मैत्रिणी जमून कुकीजची अदलाबदल करतात. प्रत्येकीने एकाच प्रकारच्या कुकीज डझनांच्या हिशेबाने करून न्यायच्या आणि येताना बाकीच्यांच्या थोड्या थोड्या घेऊन यायच्या. आपल्याला देवघेव नवी नाही. रुमालाने झाकलेलं फराळाचं ताट शेजारी जायचं, आणि ताट रिकामं परत पाठवू नये म्हणून त्यात निदान चिमूटभर साखर तरी यायची. नवं आहे ते आधी ठरवून, मोजून करणं.

पहिल्या वर्षी आम्ही मोजलंच नाही. ‘ज्याला जे जमेल ते आणा’ म्हटलं. नऊ घरांतून पाच चिवडे आले आणि लाडू एकाही घरातून नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी अनारसे केले होते. बदल्यात त्यांच्या पिशवीत चिवड्याच्या पाच पुड्या पडल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण आठवडाभर जिन्यात भेटल्या तरी हसल्या नाहीत. पुढचं सगळं गणित त्यातून शिकलेलं आहे.

घरं किती घ्यायची

आठ. सहा घरांत पदार्थ कमी पडतात आणि दहाच्या वर गेलं की एकेका घरावर बोजा येतो. आठ घरं असतील तर प्रत्येकाने आपल्या पदार्थाचे आठ वाटे करायचे: सात द्यायचे, एक आपल्याला ठेवायचा. इच्छुक जास्त निघाले, तर एकच मोठा गट करू नका, दोन गट करा. म्हातारं जोडपं किंवा एकटं राहणारं कुणी असेल तर दोन घरांनी मिळून एक जागा घ्यावी. काम अर्धं, फराळही अर्धा.

एक वाटा म्हणजे किती

इथेच बहुतेकांचं फिसकटतं. कुकीजचं बरं असतं, डझनाला डझन. आपल्याकडे पाव किलो चिवडा आणि पाव किलो अनारसे एका तागडीत घालता येत नाहीत. चिवडा तासाभरात होतो, अनारशाला आठवड्याहून जास्त लागतो. किमतीवर जावं तर तुपातल्या पदार्थांचं पारडं जड होतं आणि मग काजू कुणी किती घातले यावर चर्चा सुरू होते. ती दिवाळीत नको.

आम्ही शेवटी वजन आणि पैसे दोन्ही सोडले आणि वेळ धरला. आठ वाटे करायला साधारण एक दुपार, म्हणजे चार-पाच तास लागावेत. वेळखाऊ पदार्थाचे नग कमी, सुटसुटीत पदार्थाचं वजन जास्त. आमचा एक वाटा असा ठरला आहे:

- चकली: १५ नग
- पातळ पोह्यांचा चिवडा: ३०० ग्रॅम
- शेव: २५० ग्रॅम
- शंकरपाळे: ३०० ग्रॅम
- बेसनाचे लाडू: १२ नग, प्रत्येकी ३५ ग्रॅमच्या आसपास
- करंज्या: ८ नग
- चिरोटे: ८ नग
- अनारसे: ६ नग

याला आठने गुणा आणि सामानाची यादी काढा. १२० चकल्यांना दीड ते पावणेदोन किलो भाजणी लागते. ९६ लाडवांना दीड किलो बेसन, पाऊण किलो तूप आणि सव्वा किलोच्या आत-बाहेर पिठीसाखर. चिवड्याला दीड किलो पोहे घेतले की शेंगदाणे, डाळं, खोबरं आणि फोडणीचं तेल धरून अडीच किलोपर्यंत माल होतो. शंकरपाळ्यांना दीड किलो मैदा पुरतो. ४८ अनारशांना अर्धा-पाऊण किलो तांदूळ. प्रत्येकाने दहा टक्के जास्तच करावं. चकल्या मोडतात, करंज्या तळताना फुटतात आणि घरातली मुलं डब्याभोवती फिरत असतात.

खर्च ज्याचा त्याने करायचा. तूपवाला पदार्थ यंदा ज्याच्याकडे, त्याच्याकडे पुढच्या वर्षी शेव किंवा चिवडा. दोन-तीन वर्षांत हिशेब आपोआप जुळतो. पावत्या जमवून शेवटी भागाकार करायच्या भानगडीत पडू नका.

कोजागरीला ठरवा

कोजागरीला मसाला दुधाच्या निमित्ताने सगळे गच्चीवर असतातच. तिथून लक्ष्मीपूजन पंधरा दिवसांवर असतं, म्हणजे वाटण्या करायला योग्य वेळ. फोनवरच्या गटात ठरवायला जाऊ नका. तिथे तीस संदेश येतात, त्यातले पंचवीस हात जोडलेले.

पदार्थ वाटताना चिठ्ठ्या टाकाव्यात असं काहींचं म्हणणं असतं. मला ते पटत नाही. ज्याने आयुष्यात सोऱ्या धरलेला नाही त्याच्या चिठ्ठीत चकली निघाली तर आठ घरांची चकली बिघडते. आधी प्रत्येकाला हातखंडा पदार्थ विचारा. दोघांचा एकच आला तर ज्याने गेल्या वर्षी केला त्याने सोडायचा. उरलेले सोपे पदार्थ नवशिक्यांना. शंकरपाळे कुणालाही जमतात. आमच्याकडे दोन मुलं भाड्याने राहतात, नोकरी करणारी. त्यांनी पहिल्या वर्षी शंकरपाळे केले, कातण नव्हतं म्हणून पट्टी लावून सुरीने कापले. इतके काटकोनी शंकरपाळे मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलेले नाहीत.

विकतचं आणलेलं चालेल का, हा प्रश्न येतोच. दोन्हीकडून वाद होतात, म्हणून आधीच ठरवा. आमचा नियम असा आहे की विकतचं चालत नाही, पण कुणा बाईकडून ऑर्डर देऊन करून घेतलेलं असेल तर तसं सांगून आणावं. लपवण्यात अर्थ नसतो. एका हाताच्या करंजीची मुरड दुसऱ्या हाताच्या मुरडीसारखी होत नाही, आणि इमारतीतल्या सगळ्या आज्यांना ते पहिल्या नजरेत कळतं.

आता उलटं मोजा

अदलाबदल वसुबारसेच्या आधीच्या रविवारी ठेवावी. त्यापेक्षा उशीर केला तर आकाशकंदील, खरेदी आणि गावाला जाणारे यांत माणसं गळतात. रविवार फारच आधी येत असेल तर मधल्या वारची एखादी संध्याकाळ धरा.

तळलेले पदार्थ त्या दिवसाच्या दोन-तीन दिवस आधी, लाडू चार दिवस आधी, चिवडा अगदी आदल्या दिवशी. भाजणी आठवडाभर आधी दळून ठेवा, कारण शेवटच्या दिवसांत गिरणीत रांग असते आणि गिरणीवाल्याला ‘तांदळावर दळा, गव्हावर नको’ हे सांगायला आणि त्याने ते ऐकायला वेळ लागतो. दळून आणलेलं पीठ परातीत पसरून पूर्ण गार करा, मगच डब्यात भरा.

अनारसेवाल्यांचं कॅलेंडर वेगळं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग पंचावर पसरून सावलीत सुकवायचे, ओलसर असतानाच दळायचे, चाळायचे, गूळ घालून गोळे करायचे आणि ते पाच-सहा दिवस मुरवायचे. कोजागरीला ठरवून दुसऱ्या दिवशी तांदूळ भिजवले तरी दहा दिवस जातात. म्हणून अनारशांचं नाव दसऱ्याला, सोनं देताघेतानाच, नक्की करून टाका. मुरलेलं पीठ थांबतं, घाईने मात्र मुरत नाही.

मोठ्या घाण्याच्या युक्त्या

पाव किलोचा पदार्थ दीड किलोने केला की नेहमीचा हात फसतो.

चकलीपासून सुरू करू. भाजणीचं आमच्याकडचं प्रमाण चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, अर्धी वाटी मूगडाळ, शिवाय धणे-जिरे. सगळं वेगवेगळं आणि मंद आचेवर भाजायचं. दीड किलो पीठ एकदम भिजवू नका. पाव-पाव किलोची उकड काढा, तेवढीच मळा, तेवढ्याच चकल्या पाडा. पीठ भिजून पडून राहिलं की पुढच्या चकल्या तुटायला लागतात. पहिल्या दोन चकल्या चाचणीच्या. तेलात पसरल्या, हातात भुगा झाला तर मोहन, म्हणजे पिठात घातलेलं गरम तेल, जास्त झालंय. थोडं कोरडं पीठ घालून सावरता येतं. दगडासारख्या झाल्या तर मोहन कमी. बाहेरून तांबूस आणि दुसऱ्या दिवशी मऊ, हा आच मोठी ठेवल्याचा परिणाम, आणि १२० चकल्यांच्या घाईत तोच सगळ्यात जास्त होतो. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत चकली काढायची नाही, घड्याळात कितीही वाजलेले असोत. एका वर्षी मी घाई केली. माझ्या चकल्या आठ घरांत एकाच दिवशी मऊ पडल्या.

बेसन दीड किलो असेल तर दोन कढयांत किंवा दोन वेळा भाजा. मोठ्या घाण्यात तळाचं करपतं आणि वरचं कच्चं राहतं. लाडवासाठी रवाळ दळलेलं बेसन घ्या, अगदी मऊ पीठ टाळूला चिकटतं. सगळ्यात जास्त लाडू बिघडतात ते साखरेपाशी. बेसन कोमट व्हायच्या आत पिठीसाखर घातली तर ती विरघळते, मिश्रण सैल होतं आणि वळलेले लाडू ताटात बसून पेढे होतात. वळताना पहिला लाडू वजनकाट्यावर घाला, मग त्याच्या मापाने बाकीचे. नाहीतर पहिला डझन मोठा आणि शेवटचा गोट्यांएवढा होतो.

चिवड्याचे पोहे उन्हात किंवा मंद आचेवर, थोडे थोडे, कुरकुरीत करून घ्या. आच मोठी झाली की पोहे आकसतात आणि चिवडा वजनाला भरतो पण डब्यात दिसत नाही. खोबरं घेताना दुकानात तुकडा चावून पाहा. जुनं खोबरं चार दिवसांत सगळ्या चिवड्याला खवट वास देतं. तळलेला कांदा कितीही आवडत असला तरी अदलाबदलीच्या चिवड्यात घालू नका. टिकाऊपणा कमी होतो, आणि गटात कांदा-लसूण न खाणारं घर असू शकतं.

अनारसे तुपात, एकाच बाजूने, खसखस वर ठेवून तळायचे. उलटायचे नाहीत, झाऱ्याने वर तूप उडवायचं. पीठ सैल असेल तर अनारसा तुपात फुटून पसरतो. त्याला आपल्याकडे ‘अनारसा हसला’ म्हणतात. हसले तर पिठात थोडं तांदळाचं पीठ मिसळून एक दिवस थांबा. त्यासाठीही दिवस हाताशी हवेत.

शेव, शंकरपाळे आणि चिरोट्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चकलीच्या तेलात करंज्या तळू नका एवढं पाहा; धण्या-जिऱ्याचा वास सारणापर्यंत जातो.

काय आणायचं नाही

ओल्या नारळाच्या करंज्या, खव्याचं काहीही, रवा-नारळाचे लाडू. चवीला उत्तम, पण हा माल आठ-दहा दिवस टिकला पाहिजे, आणि दिवाळी कधी कधी ऑक्टोबरच्या उकाड्यात, कधी परतीच्या पावसात येते. करंजीत सुकं खोबरं वापरा.

शेंगदाणे किंवा काजू न चालणारं कुणी आहे का, मधुमेह कुणाला आहे, हे कोजागरीलाच विचारा. मधुमेही घराला गोडाऐवजी तिखटाचा जास्तीचा वाटा देता येतो, पण ते आधी कळायला हवं.

बांधणी

तळलेलं वर्तमानपत्रावर निथळायची सवय आपल्या सगळ्यांची आहे. ती सोडा. शाई गरम तेलात उतरते. अन्नपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, असं एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये बजावलेलं आहे. त्याऐवजी चाळणी किंवा जाळीवर निथळा आणि मग साध्या टिपकागदावर ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्ण गार झाल्याशिवाय काहीही भरू नका. कोमट चकली झाकली की झाकणाला आतून पाणी सुटतं.

वाटे घरीच करून आणायचे. आम्ही एकदा सगळे मोठे डबे एका खोलीत आणून तिथे मोजायला बसलो. दोन तास गेले, चकल्यांचे तुकडे झाले आणि तीन जणांचे आकडे चुकले. चिवडा, शेव, शंकरपाळे जाड पिशवीत चालतात. चकली, करंजी, अनारसे डब्यातच हवेत. प्रत्येक वाट्यावर पदार्थ, कुणी केला, कोणत्या तारखेला आणि त्यात शेंगदाणे किंवा दूध आहे का, एवढं लिहा. हे काम मुलांना द्या. ‘चिरोटे’ हा शब्द आमच्याकडे आजवर चार प्रकारे लिहिला गेला आहे.

त्या दिवशी

दुपारी चारला बोलवा, साडेसहाला माणसं मोकळी झाली पाहिजेत. ज्यांच्या घरी जमणार त्यांनी दोन टेबलं किंवा एक मोठी सतरंजी मोकळी करायची. प्रत्येक घराच्या नावाची एक मोठी पिशवी भिंतीला लावून ठेवा. प्रत्येकाने आपले वाटे घेऊन एक फेरी मारायची आणि पिशवीत एकेक टाकायचा. दहा मिनिटांत वाटप संपतं. जड डबे खाली, चिवड्याच्या पिशव्या वर, हे सांगायला एक माणूस दाराशी उभा करा.

प्रत्येकाने चवीपुरता थोडा माल वेगळा आणावा, तो एका ताटात. पण जेवणाला तळण नको. अख्खी दुपार कढईसमोर उभं राहिलेल्या माणसाला तुपाचा वास नको असतो. आम्ही मूगडाळीची खिचडी, भाजलेला पापड आणि ताक ठेवतो. दोन वर्षांत एकाही माणसाने तक्रार केलेली नाही, उलट खिचडी कमी पडली.

‘उत्कृष्ट चकली’ वगैरे बक्षीस ठेवू नका. कुणीतरी सुचवतं, ऐकायला मजेचं वाटतं, आणि पुढच्या वर्षी दोन घरं कमी होतात.

परदेशातल्या मंडळींनी एवढं धरा: घरात तळताना धुराचा भोंगा वाजतो, म्हणून शेगडी मागच्या अंगणात काढा. भाजणी पाकिटातली असेल तर आधी पाच चकल्या करून पाहा. आणि शेंगदाण्यांबद्दल दोनदा विचारा. मुलांच्या शाळेत डबा जाणार असेल तर तिथले नियम कडक असतात.

जे करणार नाहीत

ज्या घरात वर्षभरात कुणी गेलेलं असतं तिथे पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. फराळ शेजारीपाजारी, नातेवाईक आणून देतात. अदलाबदलीच्या हिशेबात हे घर बसत नाही, म्हणून ते हिशेबाबाहेर ठेवायचं. आम्ही आठ घरं प्रत्येकी एक वाटा जास्त करतो आणि तो डबा अदलाबदलीच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, दोघांनीच जाऊन देतो. त्यांना रविवारच्या गडबडीत बोलवायचं नाही, पण पुढच्या वर्षीचा पदार्थ मात्र त्यांना विचारून ठेवायचा.

गेल्या वर्षी असं एक घर होतं. डबा घेताना आजी म्हणाल्या, ‘पुढल्या वर्षी कडबोळी माझी.’ यादीत कडबोळी नव्हती. आता आहे, दहा नग.

डबे

डबे परत येण्याची शेवटची तारीख तुळशीचं लग्न. स्टीलच्या डब्यावर नाव घातलेलं असेल तर उत्तमच. नसेल तर तळाला चिकटपट्टी लावून तेल लागलं तरी न पुसणाऱ्या शाईच्या पेनाने लिहा. आमच्याकडे एक बिननावाचा डबा पहिल्या वर्षापासून आहे, झाकणाला जरा पोचा आलेला. चारही मजले फिरवून झाला, कुणीही आपला म्हणत नाही. सध्या त्यात मी सोऱ्याच्या चकत्या ठेवते.